जोन्स साहेबांचे पणजोबा आणि माझी आई

माझा जन्म झाल्याचा कुठेही पुरावा नाही, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी शारजात कळलं.

वडील गेल्यावर आई चिपळूणला माझ्या धाकट्या बहिणीकडे राहत होती. तिला आमच्याकडे, शारजातल्या अल नहदाला यायचं होतं. कशासाठी? तर नातीच्या वेण्या घालायला! (बुर्ज, बीच वगैरेंत तिला काडीचा रस नव्हता.) मी उत्साहाने टायपिंग सेंटर गाठलं. व्हिसाचे अरबी फॉर्म भरून देणाऱ्या मलबारी गृहस्थाने माझे कागद चाळले.

"बर्थ सर्टिफिकेट?"

"वो नहीं है. पासपोर्ट है ना!"

"तुम पैदा हुआ, वो दिखता है. किससे पैदा हुआ, उसका पेपर चाहिए. बर्थ सर्टिफिकेट नहीं तो मम्मी नहीं. खलास!"

पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून वडिलांचं गाव होतं आणि जन्मतारीख एक जून. (आमच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या वर्गाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं.) मी बहिणीच्या नवऱ्याला, विनायकरावांना, कामाला लावलं. ते बिचारे रजा काढून गावी गेले. ग्रामसेवक म्हणाला, नोंद आढळत नाही. मग मागची दोन वर्षं पाहिली, पुढची दोन पाहिली. एका रजिस्टरात वाळवीची अख्खी वंशावळ सापडली, मी नाही!

"बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क आजी?" माझी नऊ वर्षांची लेक टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली.

"आजीला कागदपत्रांतलं काय कळतंय?" असं मी म्हणालो. हे वाक्य मी उच्चारलं होतं, ते नीट लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

त्याच सुमारास आमचे मॅनेजर जोन्स साहेबही एक जन्मनोंद शोधत होते. औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या पंपांच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो. साहेब वेल्सचे. (त्यांना 'इंग्लिश' म्हटलं की ते कानापर्यंत लाल व्हायचे.) त्यांना पणजोबांचा जन्मदाखला हवा होता. पणजोबा आणि त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते, म्हणून साहेब त्या खाणीच्या गावातल्या नोंदी मागवत होते. तिथे त्याच नावाचे इतके जोन्स जन्मले होते, की टेबलावर ढीग साचला आणि त्यातल्या एकाच्याही आईचं नाव जुळेना.

मला राहवलं नाही. "सर, पणजोबा थोरले का?"

"येस. एल्डेस्ट. व्हाय?"

"मग बापाच्या गावात कशाला शोधता? पहिलं बाळंतपण माहेरी! फर्स्ट बेबी, मदर्स मदर्स हाऊस!"

साहेबांनी पणजोबांच्या आईच्या माहेरगावाला पत्र पाठवलं आणि महिन्याभरात दाखला हजर! साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर मला मिठी मारली. फोरमन ओरडला, "यल्ला हबीबी, पार्टी!" मी चार दिवस हवेत होतो.

शुक्रवारी फोनवर आईला हा पराक्रम मीठमसाला लावून सांगितला. ती पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "मग तुझा दाखला का रे नाही मिळत? तूही थोरलाच ना?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"तू राजापूरला झालास, माझ्या माहेरी. मामाने दुसऱ्या दिवशी जाऊन नोंद केलीन."

"अगं, मग आठ महिने बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? विनायकराव शोधतायत म्हणालास. मला वाटलं, तुम्हा शिकलेल्यांचं काही वेगळं असेल."

मामाने एका दुपारीत दाखला काढला. त्यावर माझी खरी तारीख होती, म्हणजे पासपोर्टवरचा मी निराळाच! मग प्रतिज्ञापत्र, मग शिक्के, मग शिक्क्यांवर शिक्के. शेवटी टायपिंग सेंटरवाला पहिल्यांदा हसला. "अब मम्मी पक्का. इन्शाल्ला दस दिन."

व्हिसा खरंच दहा दिवसांत आला. आई सातव्या दिवशी गेली. झोपेतच. बॅग भरून ठेवली होती तिने, बहीण सांगत होती. वर नातीसाठी लाल रिबिनी होत्या.

मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.

जोन्स साहेबांनी पणजोबांचा दाखला फ्रेम करून केबिनमध्ये लावला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "धिस मॅन फाउंड हिम!" पाहुणे कौतुकाने माझा हात हातात घेत. आमच्याही भिंतीवर एक फ्रेम आहे, हार घातलेली. तिच्याकडे पाहून लेक काही बोलत नाही, ते बरंच आहे.

तर तुमचे कोणी पणजोबा-खापरपणजोबा हरवले असतील, तर जरूर कळवा. शंभर वर्षांपूर्वी गेलेला माणूस मी घरबसल्या हुडकून देतो. फक्त जिवंत माणसाला फोन करून विचारायचं असेल, तर तेवढं मात्र माझ्या लेकीला सांगा!