मुलुंडची गोळी आणि बोरिवलीची गोळी

माझा धाकटा भाऊ मिथुन सोनकांबळे मुलुंडला ट्रॉफ्या आणि दारावरच्या पाट्या बनवतो. म्हणजे बनवायला घेतो. एकदा त्याने कबड्डीच्या विजेत्या संघाला 'उत्कृष्ट रांगोळी'ची ढाल दिली. सहा फुटी कॅप्टनने ती मंचावर मुकाट्याने घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तो जे बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मात्र हा किस्सा घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितला, अगदी अभिनयासकट.

गेल्या वर्षभरात मिथुन बदलला. ऑर्डरी वेळेवर, नावं बरोबर, दुकानात गाणं गुणगुणणं. बेचाळिसाव्या वर्षी का होईना, अक्कल आली म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

डिसेंबरात शाळांच्या बक्षीस समारंभांची घाई असते, म्हणून मी मदतीला गेले होते. पाहते तर खोदकामाचं मशीन सोडून हा छातीवर हात धरून बसलाय आणि कपाळावर घाम.

"काय रे, प्रेमात पडलास की काय?"

"ताई, मस्करी नको ना. सकाळपासून छातीत धडधडतंय."

आईचं प्रेशरचं मशीन नुकतेच सेल बदलून आणलेलं, माझ्या पिशवीतच होतं. पट्टा त्याच्या दंडाला लावला. वरचं एकशे अठ्ठावन्न, खालचं शंभर, नाडी एकशे सोळा. माझी मस्करी जागच्या जागी थांबली.

"काय घेतलंयस तू? खरं सांग."

त्याने रिबिनींच्या खोक्याखालून गोळ्यांची दोन पाकिटं काढली. एक आमच्या मुलुंडच्याच फॅमिली डॉक्टर उत्तरा मॅडमची, दोन वर्षांपासूनची, डिप्रेशनवरची. बाबा गेल्यावर हा अंथरुणातून उठेनासा झाला होता आणि मला वाटत होतं, आळस करतोय. दुसरी बोरिवलीच्या मानसोपचारतज्ज्ञाची, लक्ष टिकावं म्हणून. आमच्या ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून हा मुलुंडहून थेट बोरिवली गाठत होता.

"दोघांना एकमेकांचं माहीत आहे?"

"वेडी आहेस का? मॅडमनी आपल्याला लहानाचं मोठं केलंय. दुसऱ्या डॉक्टरकडे जातो म्हटलं तर काय वाटेल त्यांना?"

आणि पुढचा पराक्रम ऐका. मॅडमकडे जायच्या दिवशी हा बोरिवलीची गोळी घ्यायचा नाही. बोरिवलीला जायचं असलं की दोन दिवस आधीपासून मुलुंडची बंद. त्यात चक्कर यायची, ती हा सहन करायचा. 'आणखी काही घेतोस का?' असं विचारलं तर खोटं बोलायला नको म्हणून हा सगळा सभ्यपणा! दोन्हीकडे प्रेशर झकास यायचं. ते पाहून बोरिवलीच्या डॉक्टरांनी पंधरवड्यापूर्वी डोसही वाढवला होता.

"बंद कर ना मग एक!" मी ओरडले.

"कुठली करू?" तोही ओरडला. "ही बंद केली तर मी परत अंथरुणात. ती बंद केली तर परत तोच जुना मिथुन. डॉक्टरांना कळलं तर एक काढून घेतीलच ना, ताई."

दुकानाचं शटर ओढलं, त्याला रिक्षात घातलं आणि दोन्ही पाकिटं मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी आधी प्रेशर पुन्हा मोजलं, हृदयाचा आलेख काढला. तो ठीक निघाल्यावर त्यांनी जे झापलंय त्याला! सगळी वेटिंग रूम ऐकत होती.

"अरे, माझ्या मानापानाचं काय घेऊन बसलास? या दोन गोळ्या एकत्र देतात. पुष्कळांना देतात. पण दोन्हींनी प्रेशर आणि नाडी वाढू शकते, म्हणून लक्ष ठेवून देतात. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर तर ही दुसरी चालतच नाही. तुझी त्यातली नाही हे तुझं नशीब. आम्ही दोघं डॉक्टर अर्ध्या मिथुनला तपासत होतो!"

त्यांनी तिथूनच बोरिवलीला फोन लावला. दोघांचं बोलून ठरलं: तिकडची गोळी पुन्हा जुन्या डोसवर, रोज प्रेशर मोजून लिहायचं, आठवड्याने दाखवायचं, मनाने कुठलीच बंद करायची नाही आणि छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल.

"म्हणजे... दोन्ही राहणार?" मिथुनने विचारलं.

"सध्या तरी राहणार."

तो बेचाळीस वर्षांचा माणूस तिथेच ओंजळीत तोंड घालून रडला. मॅडमनी त्याला रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "माझं राहू दे. पण घरी तरी सांगायचं होतंस. ही सख्खी बहीण आहे ना तुझी?"

मिथुनने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिला सांगितलं असतं, तर पुढच्या लग्नात सगळ्यांना कळलं असतं."

मला राग यायला हवा होता. पण मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि 'मी नसतं सांगितलं' असं मला म्हणता येईना.