चाळिसांतले वीस

देवाने प्रत्येकाच्या पदरी काही ना काही घातले आहे; जानकूच्या पदरी त्याने शंका घातली. सज्जनहो, ही निंदा नव्हे. डिंभ्याच्या परिसरात, घोड नदीच्या कडेकडेने ज्याने पन्नास वर्षे मेंढरे राखली, त्याने झुडूप हलले की वाऱ्याचे नाव घ्यायचे नसते, आधी बिबट्याचे घ्यायचे असते. ओठांवर नाम आणि एक कान सदैव उसाकडे, असा त्याचा परमार्थ. पांडुरंग समजून घेतो, असे तो म्हणे. वाघ घेत नाही.

या जानकूची नात आशा बारावी झाली आणि तालुक्याच्या गावी निघालेल्या विद्यापीठाच्या नव्या उपकेंद्रात तिला प्रवेश मिळाला. मेंढरांमागे न जाता पुस्तकांमागे गेलेली त्या घरातली ती पहिलीच. तिला गणित हवे होते, तीनही वर्षे गणितच. कोकराने आईला शोधावे तशी ती गणिताकडे धाव घेई. पण आठवड्याभरात मोबाईलवर निरोप आला की वर्ग सुरू होण्याआधी सर्व नव्या विद्यार्थ्यांची गणिताची चाचणी होईल आणि गुणांवरून त्यांचे वर्ग ठरतील.

"आत घेतलं ना तुला?" जानकू म्हणाला. "मग आता पुन्यांदा कशाला चाचपायचं?"

"आबा, नापास कुणालाच करत न्हाईत. कुणाला काय येतं ते बघत्यात नि तसं वर्गात बसवत्यात."

"म्हंजी निवडत्यात."

"व्हय, तसंच."

"आगं, निवडाय कोण येतं ठावं हाय का? खाटीक येतो!"

त्याने जे पाहिले होते तेच तो सांगत होता. गिऱ्हाईक कळपात शिरे, पाठीवरून हात फिरवी, आणि जे भरलेले ते उचलले जाई. वाट चालताना जे मागे रेंगाळे, ते उसातून आलेला बिबट्या नेई. वाचत असे ते मधले.

"लई हुशारी दावू नगं," त्याने बजावले. "हुशार दिसलीस तर कुठं लांब धाडतील, ढ दिसलीस तर घरी लावतील. चाळीस सवाल हायत ना? वीस कर. मधी ऱ्हा."

आशाला हसू आले, पण ते ओठांवरच विरले. ती सात वर्षांची असताना याच म्हाताऱ्याने, नुसत्या शंकेने, तिला उसाच्या बांधावरून मागे ओढले होते आणि पुढच्याच क्षणी तिथून कुत्रे उचलले गेले होते. त्याच्या शंकेला ती हसण्यावारी कशी नेणार?

तिने वीसच सोडवले. पण कोणते वीस? इथे तिच्या प्रेमानेच तिला दगा दिला. अपूर्णांक, शेकडेवारी, सरासरी, हे सारे तिने कोरे सोडले. येत होते, पण त्यांच्यात मन रमेना. शेवटच्या पानांवरची कठीण त्रिकोणमिती तेवढी तिने मन लावून, अधाशासारखी सोडवली.

निकालात ती पायाभूत वर्गात गेली. गणिताच्या मुख्य वर्गाला चोवीस गुण लागत होते. पायाभूत वर्गात गेलेल्याला या वर्षी गणित हा मुख्य विषय मिळणार नव्हता. शिवाय नावापुढे शेरा होता: पालकांसह भेटावे.

जानकू नातीसोबत गेला. गणित शिकवणाऱ्या संस्कृती मॅडम तिशीच्या, पारगावच्या शेतकऱ्याची लेक. त्यांनी उत्तरपत्रिका टेबलावर पसरली. "बाबा, सोपं एकही केलेलं नाही. आणि हे शेवटचे पाच साठ मुलांत दुसऱ्या कुणालाच आले नाहीत, ते हिचे बरोबर. खरं सांगा, कुठून पाहून लिहिलं?"

"कुणाचं बघून, बाई? ज्याला आलंच न्हाई त्याचं?"

मॅडम आशाकडे वळल्या. "मग सोपे का सोडलेस गं?"

आजाचे नाव आशा घेणार नव्हती. ही बाई गोड बोलून काढून घेते आहे, असे जानकूला वाटले. खरे सांगितले तर दोघांनाही दार दाखवील. पण न सांगितले तर पोरगी चोर ठरते! त्याने मनातल्या मनात विठ्ठलाला हाक मारली आणि कळप, खाटीक, वाघ, सारे सांगून टाकले.

मॅडम हसल्या नाहीत. "आमच्याही उसात बिबट्या निघतो, बाबा. पण तुमच्या मेंढरांत एखादं कोकरू अशक्त असलं, तर त्याचं काय करता?"

"येगळं ठिवतो. आधी त्याला पाजतो."

"आणि मग?"

"मग सोडतो कळपात."

"आम्हीही तेच करतो."

"तुमी सोडता कशावरनं?"

"माझ्यावरून. मीही पहिल्या वर्षी अशाच वर्गात बसले होते."

मेंढराचे दात पाहावेत तसे जानकूने त्यांच्याकडे पाहिले.

त्यांनी परवानगी काढली: उद्या नवी प्रश्नपत्रिका, त्यांच्यासमोर, एकटीने. मात्र तिचे जे गुण येतील ते कायम.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीचा भरवसा नको म्हणून आजा-नात उजाडताच चालत निघाली, आणि निम्म्या वाटेत तीच एसटी त्यांना ओलांडून गेली. आशा हसली. जानकू नाही. आपल्या शंकेने पोरीची उगीच पायपीट झाली, हे त्याला उमगले.

"समदं लिव," तो म्हणाला.

"चाळीसच्या चाळीस?"

"येतंय तितकं समदं. तू म्होरं चाल. वाघ आला तर मी हाय की मागं."

दुपारी ती धावतच बाहेर आली. "आबा, एकोणचाळीस! मुख्य वर्गात नाव लावलंय!"

"तू मला बरं वाटावं म्हून सांगशील," जानकू म्हणाला आणि काचेच्या फलकापाशी जाऊन त्याने शिपायाकडून नाव वाचून घेतले. शिपाई गेल्यावर एका अनोळखी मुलीला थांबवले. मग जिन्यावरून उतरणाऱ्या संस्कृती मॅडमना.

"बाबा, कितीदा वाचायचं?"

"झालं, बाई. तिगांचं एकच निघालं."

त्याने पायातल्या वहाणा काढल्या, काचेला बोटे टेकवली आणि ती कपाळाला लावली.

"आबा, लोक बघत्यात!" आशा कुजबुजली.

"बघू दे," जानकू म्हणाला.