वस्तीचं पाणी खानावळीच्या टाकीत

फसवली गेली ती माझ्या मित्राची आई, आणि तिच्यासोबत रांगेत उभ्या असलेल्या वस्तीतल्या सगळ्या बाया. केव्हा, तर त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात, एका मंगळवारी, भर दुपारी साडेबाराला. त्या वेळी मी काय करत होतो? जेवायला निघालो होतो.

उस्मानाबादच्या टोकाला बौद्ध वस्ती. मित्र तिथला, माझ्याबरोबर पत्रकं वाटणारा. टँकर सकाळी यायचा, तो अजून आला नव्हता. मावशी, म्हणजे त्याची आई, घागर घेऊन उन्हात उभ्या. म्हणाल्या, "जावा, जेवून या. तुमी उभं राहून टँकर लवकर येतो व्हय?" मी फटफटीला किक मारली, मित्र मागं बसला.

दहा मिनिटांचा रस्ता. कोरडा नाला ओलांडून वर, दर्ग्याच्या कमानीवरून, बाजारातून, कचेरीसमोरून एसटी स्टँडकडं. धूळ एवढी की दाताखाली कचकच. मागून मित्र ओरडून नव्या पत्रकाचा मथळा सांगत होता: "वस्तीचं पाणी गेलं कुठं?" मी म्हटलं, झकास. माझं लक्ष भाकरीवर. सगळा जिल्हा रेशनवरची मिलो, अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी, चावत होता, आणि त्या खानावळीत पांढऱ्या ज्वारीची भाकरी अन् झणझणीत रस्सा मिळायचा. पाणी तर मागाल तितकं. कित्येक महिने मी तिथं जेवत होतो. हे पाणी येतं कुठून, असं एकदाही विचारलं नव्हतं. पत्रकं मात्र लिहीत होतो.

मित्र तिथं पहिल्यांदाच आला होता. त्यानं एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"हे आमचं पाणी हाय."

"पाण्यावर नाव लिहिलंय का?"

"वास घे."

घेतला. नासक्या दुधाचा हलका वास. चाऱ्यावाचून जनावरं आटली, तेव्हा सहकारी दूध संघाचा टँकर पाणी वाहायला लावला होता. कितीही धुतला तरी वास जात नव्हता. गावात तसला टँकर एकच, आणि तो वस्तीसाठी. मी आपला समजत होतो, इथले तांबे ताकाचे असतील.

मालकांना विचारलं. त्यांनी लपवलंसुद्धा नाही. "ड्रायव्हर दोन येळ इथंच जेवतो. त्या बदल्यात थोडं उतरवतो. त्यात काय एवढं?"

"माझी आई सकाळपासून घागर घेऊन उभी हाय," मित्र म्हणाला.

"मग तिलाबी आणायचं की जेवायला."

बाकावरची माणसं हसली. मीही हसलो, सवयीनं. मालकांपेक्षा मला माझ्या त्या हसण्याचाच राग आजही जास्त येतो.

मित्र उठून परसात गेला. टाकी काठोकाठ, शेजारी खरकट्या पाण्याचा चिखल. त्यानं तिथलीच घागर भरून खांद्यावर घेतली. मालक एवढंच म्हणाले, "घागर तेवढी परत आणा."

येताना मी फटफटी पायी चालावं तशी चालवली. मांडीवरची घागर मित्रानं दोन्ही हातांनी धरली होती. वस्तीत पोचून सगळं सांगितलं. मावशींनी स्वतःसाठी थेंब घेतला नाही. "माझ्या पुढं सात जणी हायत. त्यांचं आधी." मग माझ्याकडं वळल्या. "तुमी लई लिहिता. टँकर भरतो तिथं जाऊन बसत का न्हाय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं विहिरीवर गेलो आणि ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. त्यानं शिव्या घातल्या, वाटेत खानावळीपाशी गाडी हळूही केली. आम्ही उतरलो नाही. त्या दिवशी टँकर भरलेला वस्तीत आला.

आता पुन्हा पाऊस दगा देऊन गेलाय, पुन्हा टँकर सुरू झालेत. तेव्हा हे वाचून मान डोलावू नका. तुमच्या गावचा टँकर जिथं भरतो तिथं उद्या सकाळी जा, केबिनमध्ये बसा, आणि शेवटच्या घराची घागर भरल्याशिवाय खाली उतरू नका.