वैनगंगेपलीकडची हाक

वरोऱ्याला सकाळी उतरलो. फलाटावर एक बाई केळी विकत होती. ती त्यांना ‘केयी’ म्हणत होती. पुण्यात चाळीस वर्षे मराठी शिकवलेल्या कानाने ते टिपले. या खेपेस तोंडाने दुरुस्ती केली नाही.

चिमूरमार्गे बस निघाली. कापूस, सोयाबीन मागे पडले. जंगल आले, मग धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे. ब्रह्मपुरीच्या स्थानकावर तीच केळी ‘केरी’ झाली होती. पीक बदलावे तिथे अक्षरही बदलावे, ही शिस्त मला विलक्षण वाटली.

पत्नी मंजुळा या मुलखातली. गेल्या पौषात वारली. तिच्या वहिनीने, मुक्ताबाईंनी, निरोप धाडला होता: नवा भात खायला या, हाक तुम्हीच मारायची. त्या घरची रीत अशी की, घरातून गेलेल्यांना नावाने बोलावल्याखेरीज नव्या भाताला कोणी शिवत नाही. सरत्या वर्षात गेलेल्याला त्याच्या सर्वांत जवळच्याने बोलवायचे. हाक पोचली नाही, तर ते माणूस वर्षभर उपाशी.

पुढे जीप. चालकाला म्हणालो, ‘किंचित सरकून घ्याल का?’ तो हसला. “रेडिओतून आले का, भाऊ?” सगळी जीप हसली, जागा मात्र झाली. वैनगंगा भरून वाहत होती.

पलीकडे, मुक्ताबाईंच्या ओसरीवर पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. नवा भात, लाखोरीची डाळ, अंबाडीची भाजी. मी दारात उभा राहून म्हणालो, ‘मंजुळा.’

कोणी भाताला हात लावला नाही.

मुक्ताबाई हळू म्हणाल्या, “तिचं नाव घ्या ना, जावईबापू. हे त तुमचं होय.”

खरे होते. लग्न होऊन आली तेव्हा ती स्वतःला ‘मंजुरा’ म्हणे. ते मी वर्षभरात सुधारले. पुढे ती चारचौघांत फारशी बोलत नसे. तिचा स्वभाव असेल, असे मी धरून चाललो.

पुन्हा प्रयत्न केला. जीभ सवयीने टाळूला लागली. भात निवत होता, मुले पत्रावळींकडे पाहत होती. पण घाई कोणी केली नाही. तिसऱ्या वेळी ‘मंजुरा’ म्हणालो. मोठ्याने.

“आली,” मुक्ताबाई म्हणाल्या, आणि पहिला घास रिकाम्या पानावर वाढला.

भात गोड होता. असा पूर्वी खाल्ला नव्हता.

परतताना ब्रह्मपुरीला मी केरी मागितली. विकणाऱ्याने मान वर न करता दिली. चाळीस वर्षे जे शिकवले, ते चूक नव्हते. घरी शिकवायला नको होते.