कोजाजीची चाल

लाखनीत जागेश्वरला कोणी शेतकरी म्हणत नसे, आणि हे त्याच्या बायकोचं कायमचं दुखणं होतं. तलावाखाली धानाच्या बांध्या होत्या, बैलजोडी होती, पण गड्याचा जीव सगळा बेंजोत. बेंजो म्हणजे ती लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटनं आणि खाली तारा. डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. धान कापून झालं की हा जो गोमाजीच्या बँड पार्टीत शिरायचा, तो लग्नसराई संपेपर्यंत घरात पाहुण्यासारखाच यायचा. कौशल्याबाई म्हणायची, "लगन मायासंग लागलं, अन् संसार त्या डब्ब्यासंग करून राहिले."

बाई तोंडानं तिखट, पण खोटं बोलत नव्हती.

घरात बेंजोला एकच चाहती होती, पोरगी रुखमिणी. शाळेतून आली की दप्तर फेकून बापासमोर मांडी घालून बसायची. एकदा जागेश्वर लाडात येऊन म्हणाला, "तुया लग्नात मी सोता वाजवीन, बाई. दुसऱ्या कोनाले बेंजोले हात लावू देनार नाई." पोरीनं ते गाठीला बांधून ठेवलं. कौशल्याबाई चुलीपुढून ओरडली, "वा रे शहाना! पोरीचा बाप पाव्हन्याइच्या पाया पडल, का गळ्यात डब्बा अडकवल? नाक कापाल आमचं!" पुढं पोरगी मोठी झाली, तरी बापलेकीचा हा हट्ट आणि आईचा हा विरोध तसाच राहिला.

आता कोजाजीकडे येतो.

एकोणऐंशी सालची गोष्ट. रायपूरकडे जाणाऱ्या एका बसचा लाखनीजवळ पाटा तुटला. प्रवासी रस्त्याकाठच्या हॉटेलांत पांगले. त्यात एक उंच, काळाभोर, हसऱ्या दातांचा तरुण होता. नाव कोजो. आफ्रिकेतल्या घाना देशाचा, नागपूरला शेतकीचं शिकायला आलेला, धान बघायला रायपूरला निघालेला. लिंबाखाली गोमाजीच्या पार्टीची तालीम चालली होती. हा बाबा आला, पायानं ठेका धरून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून जागेश्वरच्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, "भैया, अब मेरा सुनो."

आणि जे काही त्या टेपमधून निघालं, बाप्पा! दोन गिटारी एकमेकींशी गप्पा मारत होत्या, एक बोलली की दुसरी हुंकार देत होती. मागून ढोल, तोही नुसता बडवलेला नाही, तर चालत, लचकत येणारा. मध्येच इंग्रजी पिक्चरसारखा ट्रंपेट. आणि या सगळ्या नाचऱ्या गडबडीत गाणाऱ्याचा आवाज असा, की ऐकताना हसू फुटावं आणि रडूही यावं. जागेश्वरचं डोकंच फिरलं. ट्रकांची ये-जा चालू होती, गोमाजी चहाला हाका मारत होता, याला काही ऐकू येईना.

"हे इंग्रजी हाय, का तुमचं?" त्यानं विचारलं.

कोजोनं तुटक्या हिंदीत सांगितलं ते असं. गिटार गोऱ्यांची, जहाजावरून आली. ट्रंपेट गोऱ्यांच्या पलटणीचा. दुःखाचे सूर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे, ते आमच्याकडूनच गेले होते, रेकॉर्डवर बसून परत घरी आले. "मगर चाल हमारी है," छातीवर हात ठेवून तो म्हणाला.

जागेश्वरला हे लगेच पटलं. गोमाजीचा ट्रंपेट, भजनातली पेटी, हे तरी कुठं लाखनीच्या मातीत उगवलं होतं? वाजवणारा आपला, म्हणजे बाजा आपला. एवढा साधा हिशेब होता.

बस दुरुस्त होईस्तोवर दोघं एका गाण्याला चिकटून बसले. पहिल्या गिटारीचं काम बेंजोवर अस्सं उतरलं, जसं काही ते त्याच्यासाठीच केलं होतं. निघायची वेळ झाली तेव्हा जागेश्वरनं विचारलं, "हे वाजवता कवा तुमी लोक?"

कोजोनं हात पसरले. "पूरा गांव आता है. दूर दूर के रिश्तेदार. बडा मंडप. सबका एक जैसा नया कपडा, लाल, काला. खाना, नाच..."

"मंजे लगन!" जागेश्वरनं मांडीवर थाप मारली. "समजलो ना!"

तेवढ्यात बसनं हॉर्न दिला. कोजोनं मिठी मारली, सिगारेटच्या पाकिटावर होस्टेलचा पत्ता लिहून दिला आणि पळाला. काळ्या कपड्याचं जागेश्वरच्या कानावरून गेलं होतं, पण असेल त्यांच्यात रीत, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. मांडव, नवे लाल कपडे, गावजेवण, नाच. आपल्या मुलखातल्या कोण्याही माणसाला याचा दुसरा अर्थ सुचला असता का, सांगा बरं!

त्या वर्षीच्या लग्नसराईत ती चाल वाजली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. गावाकडं गोमाजी आणि देवाजी असतात, तसा कोजोचाही कोजाजी झाला. "कोजाजीची चाल वाजवता ना जी?" हे विचारल्याशिवाय कोणी सुपारी देईना. अड्याळच्या बाजारात गोमाजीला लोक थांबवून तारखा मागू लागले. वरातीत ज्यांच्या अंगात कधी नाच आला नाही, असे म्हातारे त्या चालीवर धोतर सावरत नाचले.

चौऱ्याऐंशीत रुखमिणीचं लग्न जुळलं. पोरगा तुमसरकडच्या बपेऱ्याचा, घर धानाचं, माणसं चांगली. फक्त नवरदेवाचा काका पुंडलिकराव मानपानाचा भारी. कोजो अजून नागपूरलाच शिकत होता; जागेश्वरनं त्याला होस्टेलच्या पत्त्यावर पत्रिका धाडली. रुखमिणीनं हळद लागायच्या आधी बापाचा हात धरून विचारलं, "बा, वाजवसान ना?" जागेश्वरनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं डोळे वटारले. बिचारा हात सोडवून मांडवाकडं निघाला, आणि पोरीचं तोंड उतरलं.

लग्नाच्या सकाळी वरात शाळेत उतरली. गोमाजीनं गरम होण्यासाठी कोजाजीचीच चाल धरली, बेंजोवर दुसराच एकजण होता. तेवढ्यात एस.टी.तून खुद्द कोजाजी उतरला. सुटाबुटात, हातात भेटीचं खोकं. चाल कानावर पडली तसा जागच्या जागी थांबला. डोळे भरून आले. जागेश्वरला वाटलं, गडी आनंदानं रडतो आहे. धावत जाऊन त्यानं गळामिठी मारली.

कोजोनं त्याला मांडवामागं नेलं. "भैया, शादी में ये क्यों बज रहा है?"

"काहून? तुमचीच तर चाल."

"ये मौत का गाना है," कोजो हळूच म्हणाला. "मेरे दादा गए, तब बजा था."

जागेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं. "पन मांडव? जेवन? नाच?"

"सब होता है, भैया. आदमी जा रहा है ना. उसको चुपचाप कैसे भेजेंगे?"

झालं! पाच वर्षं तालुकाभर ज्या चालीवर नवरदेव मिरवले, ती मयतीची निघाली. आणि आज आपल्याच पोरीच्या दारात! जागेश्वर धावत शाळेत गेला आणि गोमाजीच्या हातातला ट्रंपेट त्यानं खाली ओढला. "ही चाल नाई. दुसरं कायबी वाजवा."

"येडा झाला का बे?" गोमाजी म्हणाला.

कारण सांगता येईना. सांगितलं तर अपशकुनाची बोंब होऊन वरात आल्या पावली परत. न सांगावं तर पुंडलिकराव समोर उभा. तो कंबरेवर हात ठेवून गरजला, "बपेऱ्यात सगळ्याइले सांगून आलो आमी. कोजाजीची चाल वाजल्याशिवाय वरात इथून हालनार नाई!" आणि शाळेच्या पायरीवर ठाण मांडून बसला. त्याच्यामागं सगळे वऱ्हाडी बसले.

जागेश्वर घरामागं आला. तिथं चुलींवर भाजीचे मोठे गंज, म्हणजे पातेली, चढले होते आणि कौशल्याबाई धुरात डोळे पुसत बायकांना हुकूम सोडत होती. त्यानं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कोजो अपराध्यासारखा शेजारी उभा होता.

आता बाई आकाश डोक्यावर घेणार, असं त्याला वाटलं. पण तिनं आधी कोजोकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "याच्यावर पहिलं लगन लागलं त्याची पोट्टी आता बालवाडीत जाऊन राहिली. कोनाचं वाईट झालं? भेव कायचं धरता?"

"भेवाचं नाई वो. पन आता मले समजलं ना. नवरदेवापुढं कसा वाजवू देऊ?"

कौशल्याबाईनं कोजोलाच विचारलं, "काय बोलते ते गाना? बोल काय हायत?"

कोजोनं शब्द शोधत शोधत सांगितलं. "तू आगे चल. हम गांव की हद तक साथ हैं. डरना नहीं, पीछे देखना नहीं. सुन, हम बजा रहे हैं."

बाईच्या हातातला झारा तसाच राहिला. मागच्या ओसरीवर रुखमिणी बसली होती, हळदीच्या पिवळ्या लुगड्यात, मैत्रिणी तिचे केस विंचरत होत्या. कौशल्याबाईनं तिच्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून ती ढसाढसा रडली. धुराचं निमित्तही तिनं केलं नाही.

"ही त बिदाईची चाल होय वो माय," ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "वरातीत नोका वाजवू. पोरगी निंगल तवा वाजवा. तुमी सोता. नाक कापलं त कापलं."

जागेश्वर शाळेत गेला आणि पुंडलिकरावापुढं हात जोडून म्हणाला, "काकाजी, वरातीत नाई. बिदाईले वाजवतो, अन् पोरीचा बाप सोता वाजवते. असा मान बपेऱ्याच्या कोन्या वरातीले भेटला का, सांगा." पुंडलिकरावानं मिशीवरून हात फिरवला, इकडंतिकडं पाहिलं, आणि उठला. मानाची गोष्ट म्हटल्यावर गडी विरघळायचाच.

दुपार कलल्यावर बिदाई झाली. जागेश्वरनं बेंजो दुपट्ट्यानं गळ्यात बांधला. भोंगा लावला नाही. नुसत्या बेंजोचा आवाज तो केवढा, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं. नवरीची जीप बैलाच्या चालीनं निघाली, मागं बाप वाजवत चालला. कोजो त्याच्या खांद्याला खांदा लावून आपल्या भाषेत हलक्या आवाजात गात होता. तलावाची पाळ आली, गावाची हद्द आली. रुखमिणीनं मागच्या पडद्यातून मान काढली. "बा, वाजवलं तुमी!" एवढंच ती रडत-हसत ओरडली. जागेश्वरनं मान हलवली आणि जीप दिसेनाशी होईस्तोवर हात थांबवला नाही.

पहिल्या सणाला पोरगी माहेरी आली तेव्हा त्यानं तिला खरं सांगून टाकलं. वर म्हणाला, "मी गेलो की मलेबी असंच पोचवा. शिवेपर्यंत." ती रागावली. पण विसरली नाही.

लग्नात मात्र त्यानंतर ती चाल पुन्हा वाजली नाही. सुपाऱ्या तुटल्या, गोमाजी चिडला, जागेश्वरनं कोणाला कारण सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात, धान खळ्यावर असताना, कावीळ होऊन जागेश्वर गेला. वय काही जाण्याचं नव्हतं. बपेऱ्याहून रुखमिणी आली, सासरचे आले. तिरडी बांधून झाली आणि रुखमिणी गोमाजीपुढं जाऊन उभी राहिली. "काकाजी, कोजाजीची चाल वाजवा."

अंगणात एकदम कुजबुज उठली. पुंडलिकराव पुढं झाला. "लग्नाची चाल मयतीत? अन् तेबी बापाच्या? लोक तोंडात शेन घालतील आमच्या! मोठा अपशकुन होय हा!"

कौशल्याबाई तिरडीपाशी बसली होती. ती उठली, दारात आली आणि अंगणाच्या वाटेत आडवी, मांडी घालून बसली.

"पुंडलिकराव," ती म्हणाली, "याच चालीसाठी तुमी शाळेच्या पायरीवर बसले होते. आता मी बसली. चाल वाजल्याशिवाय माया मानूस इथून हालनार नाई."

पुंडलिकराव मागं सरला. गोमाजीनं आपल्या बँडच्या पोरांना हाक मारली, कोणीतरी खुंटीवरचा बेंजो आणला. चाल सुरू झाली तशी कौशल्याबाई वाटेतून उठली. तलावाच्या पाळीपर्यंत पोचता पोचता गोमाजीच्या तोंडातून ट्रंपेट सुटला. शेकडो वराती याच चालीवर नाचवलेला तो म्हातारा रस्त्यात बसला आणि म्हणाला, "अरे जागेश्वर, असं होतं काय हे! सांगतलं काहून नाई बे?"

पुढं रुखमिणी चालत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.