कोंड्याच्या मेणावर कुंकू

मैत्रिणींनो, आत्ताच मंठाळच्या लग्नाहून आले आणि आधी तुम्हालाच सांगतेय.

चिंचेवरचं पोळं धूर करून उतरवताना एकदा पाहिलं. तेव्हापासून मी घरी बनवून विकते त्या क्रीममध्ये मधमाश्यांचं मेण घालवेना. आता तांदळाच्या कोंड्याचं मेण करडीच्या तेलात वितळवते. गिऱ्हाइकांना ते आवडलं. सासूबाई मात्र कुंकवाखाली पोळ्याचंच मेण लावायच्या. "कोंड्यावर कुंकू टिकतंय व्हय? कामून चेष्टा करायलीस?"

आज सकाळी त्यांची मेणाची डबी रिकामी निघाली. नाइलाजाने माझं मेण लावलं. "मांडवात कुंकू नाकावर आलं तर साऱ्यांना तुझंच नाव सांगते बघ."

दिवसभर मी ताटाकडे कमी आणि त्यांच्या कपाळाकडेच जास्त पाहिलं. ऊन, गर्दी, घाम. कुंकू जागचं हललं नाही.

निघताना नवरीच्या आत्याने त्यांना विचारलं, "अक्का, मेण कुठलं हो?"

"आमच्या सुनंचं हाय. माशीला तरास न्हाई त्यात."

बसमध्ये मी ते "आमच्या सुनंचं" मनातल्या मनात कितीदा तरी ऐकलं. तुमच्या घरात कुणाला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला?