पांढरं सीरम
फ्रिजमधल्या दुधावर साय धरलेली दिसली की मला सुरतेतली ती लॅब आठवते, जिथे नव्वदच्या दशकात मी टेक्निशियन होते. चांगलं कोलेस्टेरॉल मोजायचं नवं किट आलं होतं आणि ते करून बघायला धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या, धुळ्याकडच्या दादांनी हसत बाही वर केली. रक्ताची नळी गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज मशीन थांबल्यावर मी नळी उचलली, तर वरचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पिवळसर नव्हतं, दुधासारखं पांढरं होतं. "काय खाल्लं होतं?" लॅबच्या डॉक्टरांनी विचारलं. "काही नाही साहेब, चहासुद्धा नाही." बाकीची चरबी तळाशी बसवणारं किटचं औषध घातलं, तरी ती खाली बसेना. डॉक्टरांनी उरलेलं सीरम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं, आणि सकाळी त्यावर घट्ट साय आली होती. दादा नळीकडे बघत राहिले. "ताई, माझा बाप पोट दुखून दुखून गेला, थोरला भाऊही तसाच. दोघं कापडमिलमध्ये होते, आम्ही समजायचो, मिलचं पाणी बाधलं." डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "या चरबीनं स्वादुपिंड सुजतं. घरातल्यांचंही रक्त बघू." दुसऱ्या दिवशी दादा शाळेच्या गणवेशातल्या आपल्या मुलीला उपाशीपोटी घेऊन आले. मशीन थांबलं तरी झाकण उघडायला कुणी पुढे होईना, शेवटी दादांनीच उघडलं. तिचंही सीरम पांढरं होतं. तेल-तूप सोडून दादांनी पुढे बरीच वर्षं काढली. परवा त्या मुलीचा फोन आला, तिला दिवस गेलेत. गरोदरपणात ही चरबी आणखी चढते. आणि अभिनंदन करायच्या आधी मी तिला विचारलं, रक्त कधी तपासलंस.